तळ्याची नाडी

मराठी भाषेत गळ हा शब्द मोठा दुतोंडी आहे. एखाद्याने आपल्याला गळ घातली म्हणजे त्याने आर्जव केले, आपल्याला नाही म्हणायची सोय ठेवली नाही. आणि एखादा गळाला लागला म्हणजे तो फसला, दुसऱ्याच्या कह्यात गेला. लोखंडाचा एवढासा आकडा, पण त्याच्या एका अंगाला विनवणी आहे आणि दुसऱ्या अंगाला फसवणूक. गळ टाकून पाण्याकाठी बसणाऱ्या माणसाला मात्र ही दोन अंगे वेगळी दिसत नाहीत. तो माशाची विनवणी करीत असतो, तो मासा फसेपर्यंत.

मी पेशाने मास्तर आणि नादाने कादंबरीकार. या दोन्ही धंद्यांत गळाचाच कारभार फार. वर्गात पन्नास मुले बसलेली असतात. आपण आमिष लावून बसायचे आणि कुणाच्या डोळ्यांत काही हलते का ते पाहायचे. कादंबरीत तर आमिषही आपल्याच अंगाचे कापून लावावे लागते, आणि इतके करून वाचक खालच्या खाली आमिष खाऊन जातो, आकडा तसाच राहतो. तेव्हा रविवारी सकाळी मी काठी घेऊन तळ्यावर जातो याचे आमच्या गावात कुणाला नवल वाटत नाही. आठवड्याचे सहा दिवस जे करतो तेच मी सातव्या दिवशी उघड्यावर करतो, एवढेच.

गळाचा शौक साहेबाने या देशात आणला अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. कल्याणीच्या चालुक्यांतला तिसरा सोमेश्वर हा बाराव्या शतकातला राजा. त्याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाने करमणूक कशी करावी याची प्रकरणेच्या प्रकरणे आहेत आणि त्यांत 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, गळाची दोरी, आमिषे यांचा त्यात असा विचार केला आहे की हा राजा स्वतः काठावर बसलेला होता याबद्दल शंका राहू नये. साहेबाचा जो थोर ग्रंथ म्हणतात तो आयझॅक वॉल्टनचा 'द कम्प्लीट अँगलर' छापला गेला १६५३ साली, म्हणजे आमच्या राजानंतर पाचशे वर्षांनी.

पण आपल्याकडे राजाने गळ टाकला तर तो विनोद, आणि गरिबाने टाकला तर तो धंदा. शाकुंतलातली अंगठी ज्याच्या पोटात सापडली तो मासा रोहूच होता. पण ती अंगठी बाजारात दाखवणाऱ्या धीवराच्या वाट्याला आधी काय आले, तर शिपायांचा मार. बक्षीस मागाहून मिळाले. काठावर बसणाऱ्या दोन माणसांतले हे अंतर कालिदासाच्या काळापासून फारसे कमी झालेले नाही, असे मला वाटते.

इंग्लंडात आता या शौकाच्या शर्यती होतात. त्यासाठी मुद्दाम तळी खोदतात आणि त्यांत कार्प जातीचे मासे भरून ठेवतात. काठावर क्रमांकाच्या जागा असतात. सकाळी चिठ्ठ्या काढायच्या, ज्याला जी जागा येईल तिथे त्याने बसायचे. शिट्टी झाली की गळ पाण्यात, पुन्हा शिट्टी झाली की गळ बाहेर. मध्यंतरी धरलेला मासा लांब जाळीच्या पिशवीत पाण्यातच जिवंत ठेवायचा, शेवटी वजन करायचे आणि सोडून द्यायचा. ज्याचे वजन जास्त तो जिंकला. तिकडे हा मासा खाण्यासाठी धरीत नाहीत. मोठमोठ्या कार्पांना नावे दिलेली असतात, आणि तोच मासा वर्षानुवर्षे निरनिराळ्या लोकांच्या हातांत येऊन पुन्हा पाण्यात जातो. आपल्याकडे मुंबईला पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळवाल्यांची संस्था आहे. पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास बांधला तो मुंबईला पाणी पाजण्यासाठी. ते पाणी पिण्याच्या कामाचे राहिले नाही, पण गळवाल्यांच्या कामाला आले. रेल्वेतल्या एका मित्राबरोबर मी तिथे एकदा गेलो होतो. काठावरची माणसे इतकी गप्प बसली होती की मुंबईत एवढी शांतता कुठे विकत मिळत असेल असे मला कधी वाटले नव्हते.

हे सगळे सांगायचे कारण असे, की गेल्या एका फाल्गुनात आमच्या तळ्यावर अशीच एक शर्यत झाली. तिच्यात पंचवीस गळ होते. पण ती कशासाठी झाली हे त्या पंचविसांतल्या चौघा-पाचांनाच ठाऊक होते.

आमचा बुलढाणा जिल्हा दुमजली आहे. घाटावर आणि घाटाखाली. घाटावर अजिंठ्याच्या डोंगरात पैनगंगा उगवते आणि पूर्वेची वाट धरते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी करीत बंगालच्या समुद्राला जाते. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पडलेला थेंब मात्र नळगंगेतून, विश्वगंगेतून पूर्णेला मिळतो, पूर्णेतून तापीला आणि तापीतून पश्चिमेच्या समुद्राला. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की मोताळा तालुका लागतो. तिथे, नळगंगेच्या मोठ्या धरणापासून बऱ्याच अंतरावर, नाल्याला आडवी माती टाकून केलेले आमचे लहानसे तळे आहे. पावसाळ्यात भरले म्हणजे पन्नासेक एकरांवर पाणी पसरते. उन्हाळ्यात ते आखडत आखडत मधल्या डोहापर्यंत येते आणि भोवती चिखलाच्या टिकल्या वाळत पडतात.

या तळ्यातली मासेमारी भोईवाड्यातल्या संस्थेकडे पाच वर्षांच्या ठेक्याने आहे. भोयांची एकवीस घरे मिळून ती संस्था. अध्यक्षांना सगळे गाव भाऊ म्हणते, मीही म्हणतो. त्यांचा धाकटा मुलगा त्या वर्षी माझ्या वर्गात आठवीत होता.

तळे म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे मासा, असे काठावरच्या माणसाला वाटते. तसे नाही. आमच्या ओढ्यानाल्यांचे घरचे मासे म्हणजे मरळ, वाम, शिंगाळा, खवल्या. बाजारात ज्यांना भाव आहे ते रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे गंगा-यमुनेचे पाहुणे. या तिघांचे एका पाण्यात भांडण होत नाही, कारण तिघांनी तीन मजले वाटून घेतले आहेत. कटला वरच्या थरात तोंड उघडे ठेवून पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी, गाळात तोंड खुपसून. म्हणून एकाच तळ्यात तिन्ही जाती सोडतात, म्हणजे पाण्याचा कुठलाच मजला भाड्याने द्यायचा राहत नाही.

पण हे पाहुणे तळ्यात नांदतात, वंश मात्र वाढवीत नाहीत. त्यांना वाहते, चढते, गढूळ पुराचे पाणी लागते, तेव्हाच त्यांच्या मनात लग्नाचा विचार येतो. साचलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी धरतात, पण ती ती टाकीत नाही. म्हणून पूर्वी या माशांचे बीज पुराच्या नद्यांतून गोळा करून आणावे लागे. मग १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क मादीला टोचून तिच्याकडून पुराशिवाय अंडी घेतली, आणि हा प्रश्न सुटला. आज कुठल्याही तळ्यावरचा रोहू त्या सुईचा ऋणी आहे. तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

त्या अंड्यांतून जे निघते त्याला आपल्याकडे जिरे म्हणतात, कारण ते जिऱ्याएवढेच असते. मग ते वाढून मत्स्यबीज होते, आणि बोटाएवढे झाले म्हणजे बोटुकली. किती सरळ शब्द आहेत! ज्याने हे शब्द पहिल्यांदा उच्चारले त्याच्या हातात शब्दकोश नसून ओंजळभर पाणी असले पाहिजे. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून ही बोटुकली येते आणि श्रावणात तळ्यात सोडतात. नीट पोसली तर वर्षात मासा किलोच्या आसपास जातो. म्हणजे संस्थेचा धंदा शेतीसारखाच आहे. दर साल पेरणी करायची, बियाण्याला पैसे मोजायचे आणि आभाळाकडे पाहायचे. फरक एवढाच की शेतकऱ्याला आपले पीक उभे दिसते. भोयाचे पीक पाण्याखाली असते.

भाऊंच्या संस्थेने लागोपाठ दोन श्रावणांत चाळीस चाळीस हजार बोटुकली सोडली होती. दुसरी खेप सोडून महिना झाला नसेल, भाद्रपदात असा पाऊस आला की तळ्याचा सांडवा तीन रात्री वाहत होता. मासा सांडव्यावरून जाऊ नये म्हणून तिथे जाळी बांधलेली असते. पहिल्या रात्री जाळी टिकली. दुसऱ्या रात्री पुराबरोबर पऱ्हाट्या, काटक्या, पालापाचोळा येऊन जाळीला बसला, जाळीची भिंत झाली, आणि भिंतीवर पाण्याचा रेटा आला. पहाटे जाळी फाटली. आधीच नव्या पाण्याचा वास लागला म्हणजे रोहू-मृगळाला राहवत नाही, तो धारेकडे धाव घेतो. पूर म्हणजे त्याच्या लेखी वरातीची वाजंत्रीच. सकाळी सांडव्याखालच्या सोयाबीनच्या वावरांत मासे उड्या मारीत होते. गावातल्या लोकांनी टोपल्या भरल्या, लुगड्याच्या ओच्यात धरले. त्यांना दोष कसा द्यावा? वावरात आलेला मासा कुणाचा, हे कुठल्या कायद्यात लिहिले आहे मला ठाऊक नाही. भाऊ बांधावर उभे राहून पाहत होते. कुणाला एक शब्द बोलले नाहीत.

किती गेले आणि किती राहिले, हा मग प्रश्न झाला. जाळी टाकून पाहावे म्हटले तर तळ्याच्या पोटात बाभळीचे रान होते. पाणी अडवले तेव्हा झाडे वरवर तोडली, खोडे तशीच राहिली. मधल्या डोहात जाळे टाकले की ते खोडांत अडकून फाटे. काठाकाठाने उभी जाळी लावली, तर त्यांत नुसती चिलापी आली. चिलापी म्हणजे तिलापिया. हा आफ्रिकेकडचा मासा कुणी सोडो न सोडो, तळ्यात शिरतो, साचल्या पाण्यातच पिले काढतो आणि इतरांच्या तोंडचा घास खातो. नुसती चिलापी येणे हे वाईट लक्षण. बाहेरून मोठे ओढजाळे आणि ते ओढणारी माणसे आणावीत, तर त्यांची मजुरी आधी मोजावी लागे. ठेक्याचा हप्ता मार्चअखेर भरायचा होता. तळे रिकामे असेल तर हप्ता भरून काय करायचे? आणि भरलेले असेल तर ते सोडून द्यायचे म्हणजे दोन वर्षांची पेरणी दुसऱ्याच्या खळ्यावर नेऊन टाकायची.

भोईवाड्यात या गोष्टीवरून दोन तट पडले. अर्धे म्हणत, सोडा तळे. माझ्या कानावर आणखी एक गोष्ट आली. तळे सोडले तर भाऊ धाकट्याला शाळेतून काढून सुरतेला मामाकडे पाठवणार होते. ही बातमी पोरानेच मला दिली, भूगोलाच्या तासाला. सुरत तापीच्या काठी आहे ना, असे त्याने विचारले. हो म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग आपल्या नाल्याचं पानी तठीच जाते. मी बी तठीच चाल्लो."

माघात एका संध्याकाळी भाऊ माझ्या ओसरीवर आले. पानाचा डबा पुढे केला तरी हात लावला नाही. म्हणाले, "मास्तर, जायं भोयाचं अन् गय रिकाम्या माणसाचा, असं आमचा बाप म्हने. पन औंदा मले रिकामी माणसंच पाह्यजेत."

मी विचारले, "किती?"

"पंचवीस. जायं त्या बाभयीत शिरत नाही. गय शिरते. पंचवीस गय पंचवीस जाग्यावर दिवसभर पडले, अन् कोनाले काय लागलं, कुठी लागलं, केवढं लागलं, हे लिहून ठेवलं, त मले तयाची नाडी समजन."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. वैद्य नाडी पाहतो तीन बोटांनी. हा माणूस पंचवीस दोऱ्यांनी पाहणार होता. एखाद्या शास्त्रज्ञाने यापेक्षा वेगळे काय केले असते?

अशी त्यांनी मला गळ घातली, आणि मी ती बुलढाण्याच्या, मलकापूरच्या, खामगावच्या मित्रांना घातली. प्रत्येकाने तीनशे रुपये भरायचे. पहिल्या तिघांना बक्षिसे. जेवण भोईवाड्यातून. माणसे आली. दाताचे डॉक्टर आले, कापडाचे शेटजी आले, तहसिलीतले दोघे आले, बसचा एक कंडक्टर रात्रपाळी करून तसाच आला. आमच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंगमास्तर आपली जुनी बांबूची काठी घेऊन आले. त्यांचा हात आता कापतो. फळ्यावर ते पूर्वी कंपासाशिवाय वर्तुळ काढीत, आता चहाची बशी दोन्ही हातांनी धरतात.

इंग्लंडातल्यासारखे आम्ही काठावर आकड्यांच्या खुंट्या ठोकल्या आणि टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. मला चार नंबर आला, बांधाजवळ, उथळ पाण्याचा. ड्रॉइंगमास्तरांना अठरा. तिथून बाभळीचा डोह जवळ. शेटजींना तीन नंबर मिळाला, म्हणजे ते माझे शेजारी. नियम भाऊंनी सांगितले. चिलापी धरली की पाण्याबाहेर, ती परत सोडायची नाही. रोहू, कटला, मृगळ लागला तर लगेच हाक मारायची. तो ओल्या गोणपाटावर ठेवून वजन करायचे, लांबी मोजायची आणि सोडून द्यायचा.

"सोडून द्यायचा?" शेटजी म्हणाले. "मग तीनशे रुपये कशाचे?"

"धरन्याचे," भाऊ हात जोडून म्हणाले. "थो मासा माहा बँकेतला पैसा हाये शेटजी. आज फकस्त मोजाचा हाये, मोडाचा नाही."

भोईवाड्यातल्या बायका बांधावर स्वयंपाकाची चूल मांडून बसल्या होत्या. त्यांना हा प्रकार फार गमतीचा वाटला. धरायचे आणि सोडायचे! एक म्हातारी म्हणाली, "हे त दुसऱ्याचं लेकरू खेयवल्यावानी झालं." सगळ्या हसल्या.

वजनाची वही धाकट्याकडे होती. जागा, वेळ, जात, वजन, लांबी, असे रकाने त्याने पट्टीने आखले होते. वर्गात ज्याची आकडेमोड पाहून मला घाम फुटे तो हाच का, असा मला प्रश्न पडला.

सात वाजता शिट्टी झाली. कुणी कणकेचे गोळे लावले, कुणी गांडूळ, कुणी भाजलेल्या ढेपेचा चुरा मळून लावला. ढेपेचा वास पाण्यात पसरतो आणि मासा लांबून येतो असे जुने लोक सांगतात. पहिली हाक आली ती माझ्याच शेजारून. शेटजींना चिलापी लागली, तळहाताएवढी. मग दुसरी. मग मला एक. कंडक्टरला एक. नऊ वाजेपर्यंत वहीत बत्तीस ओळी झाल्या आणि बत्तीसही ओळींत एकच शब्द होता. पोरगा आधी 'चिलापी' असे पूर्ण लिहीत होता, मग नुसता 'चि' लिहू लागला, मग वरच्यासारखेच अशी दोन टिंबे देऊ लागला. त्या टिंबांकडे मला पाहवेना.

अकरा वाजता एकवीस नंबरला मरळ लागली. मरळ चांगला मासा, पण ती घरची. तिने काही सिद्ध होत नव्हते. भाऊ काठाने एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जात होते. कुणाशी बोलत नव्हते. प्रत्येकाच्या मागे क्षणभर उभे राहत आणि त्याचा दोरा कुठे पाण्यात शिरतो ते पाहत. जेवणाच्या वेळेपर्यंत एकसष्ट चिलापी आणि दोन मरळी झाल्या होत्या. तळे सोडा म्हणणाऱ्या तटातला एक जण मोठ्याने म्हणाला, "झाली नाडी पाहून?" भाऊंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दुपारी दोनच्या सुमारास वारा फिरला. तोवर तो बांधाकडून डोहाकडे वाहत होता, आता डोहाकडून बांधाकडे येऊ लागला. त्याचा आणि माशाचा काही संबंध असेल, नसेल. पण अडीच वाजता सतरा नंबरवरून तहसिलीतल्या एकाने हाक दिली. मृगळ. नऊशे साठ ग्रॅम. मी काठी ठेवून पळत गेलो, भाऊ माझ्या आधी पोहोचले होते. मासा गोणपाटावर होता, पांढऱ्या पोटाचा, लहान तोंडाचा. भाऊंनी त्याला हात लावला नाही. पोराला म्हणाले, "लिही."

पंधरा मिनिटांनी एकोणीस नंबरला रोहू आला, किलो शंभर. मग वीसला आणखी एक मृगळ. मग अठरा नंबरवरून हाक आली नाही, पण सगळ्यांचे डोळे तिकडे वळले, कारण ड्रॉइंगमास्तर उठून उभे राहिले होते.

त्यांचा गळ वरच्या पाण्यात होता. कटल्यासाठी त्यांनी सातूचे पीठ सैल मळून लावले होते, पाण्यात विरघळत जाईल असे. कटला हिसका देत नाही, तो आमिष चोखतो. मोरपिसाच्या देठाची तरंगी बुडत नाही, नुसती किंचित कलते. कलण्याचा अर्थ कळायला हात स्थिर असावा लागतो असे मला वाटे. मास्तर नंतर म्हणाले, "हात कापतो म्हणून मी काठी दगडाला टेकवली होती. डोळा कापत नाही अजून." दोरा ताठ झाला आणि पाण्यावर सरळ बाभळीच्या दिशेने धावला. मासा खोडांत शिरला तर दोरा तुटणार हे सगळ्यांना दिसत होते. कंडक्टर मदतीला धावला तर मास्तरांनी मानेनेच नको म्हटले. ते दोन पावले पाण्यात गेले, काठी आडवी धरली आणि माशाला ओढण्याऐवजी बाजूला वळवीत राहिले. फळ्यावर वर्तुळ काढताना त्यांचा हात जसा खांद्यापासून फिरे तसा तो फिरत होता. वीस मिनिटे गेली. तीन वेळा मासा खोडांच्या तोंडाशी गेला आणि तीन वेळा माघारी आला. शेवटी तो काठाच्या चिखलात आला तेव्हा ते भलेमोठे डोके, वर वळलेले तोंड पाहून बायका चूल सोडून धावल्या.

कटला. दोन किलो आठशे.

भाऊ त्याच्याजवळ चिखलात बसले. त्यांनी त्याच्या ओठातून गळ स्वतः काढला, दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरून ठेवला, कल्ले हलू लागेपर्यंत. मग सोडला. बराच वेळ ते तसेच ओल्या हातांनी बसून होते.

पाच वाजता शिट्टी झाली. वहीत एकशे चार ओळी होत्या. एक्क्याण्णव चिलापी, दोन मरळी, आणि अकरा रोहू-कटला-मृगळ. बक्षीस एकूण वजनाला होते. म्हणून पहिले आले शेटजी! त्यांची एकोणतीस चिलापी काट्यावर चढली तेव्हा टाळ्या पडल्या. ड्रॉइंगमास्तर एका माशावर कितवे आले हे त्यांनी विचारले नाही आणि कुणी सांगितले नाही.

खरा निकाल रात्री भोईवाड्यातल्या निंबाच्या पारावर लागला. मला तिथे मुद्दाम बोलावले होते. कंदिलाची गरज नव्हती, पारावर विजेचा दिवा होता. पोराने उभे राहून वही वाचली. अकरापैकी अकरा मासे सोळा ते एकवीस या सहा जागांवर लागले होते, म्हणजे बाभळीच्या डोहाभोवती. नऊशे ग्रॅमच्या खाली त्यांतला एकही नव्हता. मग तो थांबला आणि म्हणाला, "दुसऱ्या खेपेचा एक बी नाही." दुसऱ्या खेपेची बोटुकली राहिली असती तर ती फाल्गुनात पाव-अर्ध्या किलोची असती, आणि पंचवीस गळांपैकी एखाद्याला तरी लागली असती. ती पुरात गेली. पहिल्या खेपेची मोठी झालेली होती. तिच्यातली जी सांडव्याकडे गेली ती गेली, पण जी डोहात होती ती पुराच्या रेट्याला खोडांच्या आड दबून राहिली. ज्या बाभळी भोयांची जाळी फाडीत होत्या त्यांनीच त्यांचे पीक राखले होते.

पारावर कुणी बोलेना. मग सकाळी नाडीची थट्टा करणारा माणूस म्हणाला, "उन्हायात पानी उतरलं म्हंजे खोडं उघडी पडतीन. तवा दोन खोडांच्या मधात लहान जायं लावता येईन." इतके बोलून त्याने विडी पेटवली, आणि तळे ठेवायचे की सोडायचे हा प्रश्न तिथेच संपला. ठराव नंतर कागदावर आला.

हप्ता भरला तो उसनवार करून. चैत्र-वैशाखात पाणी उतरले, खोडांची डोकी वर आली आणि त्यांच्यामधून रात्री जाळी लावून संस्थेने अकरा क्विंटल मासा काढला. फार मोठे घबाड नव्हे. उसने फिटले, हप्ता फिटला, आणि थोडे उरले ते बियाण्याला. पुढच्या श्रावणात चाळीस हजारांऐवजी पंधरा हजारच बोटुकली सोडली, पण वितीएवढी वाढलेली, म्हणजे चिलापीच्या तोंडात सहज जाणार नाही अशी. सांडव्यावर नव्या जाळीला लोखंडी चौकट बसवली. ती उभी न ठेवता तिरपी ठेवली, म्हणजे कचरा जाळीला न चिकटता वर सरकतो. सगळी खोडे काढून टाकावीत असे एकाने सुचवले होते. भाऊंनी अर्धीच काढू दिली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हजेरी घेताना मी त्या पोराच्या नावाशी जरा थांबलो. 'हजर' असा आवाज आला. नवा गणवेश होता, बाह्या लांब होत्या, पुढच्या वर्षालाही पुरतील अशा. सुरतेचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. बीजगणितात मात्र तो अजून तितकाच कच्चा आहे. 'क्ष' मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही हे त्याला पटत नाही. "क्ष काहून मानाचा, मोजून घेऊ ना," असे म्हणतो. यावर उत्तर द्यायला मला अजून जमलेले नाही.

परवा भाऊ पुन्हा ओसरीवर आले होते. या खेपेला त्यांनी पान खाल्ले. म्हणाले, फाल्गुनात पुन्हा गळ बोलवा, या वेळी तीस. मग जरा पुढे सरून हलक्या आवाजात म्हणाले, "शेटजीले तीन नंबरच द्या. दिवसभर चिलापी धरते मानूस, तयं साफ होते."

मी म्हणालो, "भाऊ, जागा चिठ्ठ्यांवर ठरतात. माझ्या हातात काय आहे?"

"मंग चिठ्ठ्या," ते म्हणाले, "माह्या पोराले लिहू द्या."